क्रॉसओव्हर : गोंदियातल्या दोन आवाजांमागची एक पेटी

धागा थोडा लांब आहे. विषय ध्वनिवर्धकाचा आहे, पण ज्या भागाकडे इतिहासकारांचे लक्ष सहसा जात नाही त्या भागाचा.

दिवाळी सरते, धानाची कापणी उरकत येते आणि गोंदिया जिल्ह्यात दोन आवाज जोर धरू लागतात. एक मंडईच्या रात्री रंगणाऱ्या झाडीपट्टी नाटकाचा. दुसरा वरातीतल्या, मिरवणुकीतल्या डीजेचा. पहिल्याला वारसा म्हटले जाते आणि त्यावर प्रबंध लिहिले जातात. दुसऱ्याला उपद्रव म्हटले जाते आणि त्याविरुद्ध अर्ज लिहिले जातात. या दोन्ही ठिकाणी ॲम्प्लिफायरांच्या थप्पीत हातभर रुंद आणि दोन-तीन बोटे उंच अशी एक पेटी बसवलेली असते. धंद्यातले लोक तिला क्रॉसओव्हर, प्रोसेसर किंवा नुसतेच ‘मॅनेजमेंट’ म्हणतात. कोणता स्वर कोणत्या स्पीकरकडे जाईल, किती जोराने जाईल आणि किती उशिराने जाईल, हे ती पेटी ठरवते.

या धाग्याचे प्रतिपादन एवढेच, की गोंदियातल्या आवाजाचा वाद आज आवाजाच्या बटणावर नव्हे, तर या पेटीत घडतो आहे. कायदा, प्रशासन, रंगभूमीचे अभ्यासक आणि तक्रारदार हे सगळेच त्या पेटीकडे पाठ करून उभे आहेत.

आधी थोडे मागे जाऊ.

भारतातल्या ध्वनिवर्धकाचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा भोंग्याचा इतिहास सांगितला जातो. मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’चे नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि सभांना ध्वनिवर्धक पुरवले, गांधी-नेहरूंच्या अनेक छायाचित्रांत मायक्रोफोनवर त्या कंपनीचे नाव ठळक दिसते. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता यांच्यासोबत मोटवानेही आरोपी होते. हा इतिहास रोमांचक आहेच. पण त्यात ध्वनिवर्धक म्हणजे एक अखंड वस्तू आहे: एक माणूस बोलतो, हजारोंना ऐकू जाते.

तांत्रिकदृष्ट्याही तो अखंडच होता. भोंग्याला खर्ज झेपत नाही आणि अगदी तार स्वरही झेपत नाहीत. मधला, बोलण्यापुरता पट्टा तो लांबवर फेकतो. सभेला तेवढे पुरते. एकच काम करणाऱ्या यंत्रात कामाची वाटणी करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

तो प्रश्न संगीताने आणि बोलपटाने उभा केला. माणसाचा कान साधारणपणे २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. या आकड्यांची तरंगलांबी काढली की खरी अडचण समजते. २० हर्ट्झची लाट सुमारे १७ मीटर लांब असते, २०,००० हर्ट्झची जेमतेम १.७ सेंटिमीटर. १७ मीटरची लाट हलवण्यासाठी मोठा, जड पडदा हवा. पावणेदोन सेंटिमीटरच्या लाटेसाठी नखाएवढा, हलका. एकाच पडद्याकडून दोन्ही कामे घेणे म्हणजे एकाच बैलाकडून नांगरटही करून घेणे आणि शंकरपटात शर्यतही पळवणे.

म्हणून आवाज वाटावा लागतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकाला ही कल्पना नवी नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या आणि आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माजी मालगुजारी तलावांत सगळे कसब पाणी साठवण्यात जितके आहे, तितकेच ते वाटण्यात आहे. क्रॉसओव्हर हा आवाजाचा पाट आहे. खर्ज एका बांधीत, मध्य दुसऱ्या, तार तिसऱ्या.

ही वाटणी दोन प्रकारे करता येते. जुन्या पद्धतीत ॲम्प्लिफायरने आवाज पूर्ण वाढवून झाल्यावर स्पीकरच्या खोक्यात बसवलेली तारेची वेटोळी आणि कपॅसिटर तो वाटतात. हे स्वस्त आणि साधे असते, पण वेटोळी तापतात, शक्ती वाया जाते आणि एकदा ठरलेली वाटणी बदलता येत नाही. दुसऱ्या पद्धतीत आवाज वाढवण्यापूर्वीच वाटला जातो आणि प्रत्येक वाट्याला स्वतंत्र ॲम्प्लिफायर दिला जातो. यालाच ‘ॲक्टिव्ह’ क्रॉसओव्हर म्हणतात. ॲम्प्लिफायर जास्त लागतात. त्या बदल्यात प्रत्येक वाट्यावर वेगळा ताबा मिळतो. हा ‘वेगळा ताबा’ पुढच्या सगळ्या कथेचे मूळ आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

आता १९३३.

२७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि श्रोते वॉशिंग्टनच्या सभागृहात बसले होते. मधे टेलिफोनच्या तारा होत्या. बेल लॅबोरेटरीजच्या या प्रयोगात तीन स्वतंत्र वाहिन्यांतून आवाज आणला गेला. नेहमीचा संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वाद्यवृंदासमोर नव्हता. तो वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाचे नियंत्रण करत होता. प्रत्येक वाहिनीसाठी स्पीकरचे दोन भाग होते आणि त्यांची सरहद्द ३०० हर्ट्झवर आखलेली होती. वाटलेला आवाज पुन्हा एकसंध ऐकू येऊ शकतो, हे मोठ्या सभागृहात त्या रात्री सिद्ध झाले. काही वर्षांतच हॉलिवूडमध्ये डग्लस शिअरर यांच्या चमूने चित्रपटगृहांसाठी दोन भागांचा स्पीकर घडवला आणि पडद्यामागचा आवाज कायमचा दुभंगला. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा, म्हणजे आपला बोलपट आणि वाटलेला आवाज ही जवळजवळ जुळी भावंडे.

फिलाडेल्फिया प्रयोगामागच्या संशोधनाचे नेतृत्व हार्वी फ्लेचर या शास्त्रज्ञाकडे होते. त्याच वर्षी, १९३३ मध्येच, फ्लेचर आणि मन्सन यांनी दुसरे एक काम प्रसिद्ध केले. माणसाचा कान सगळे स्वर सारख्या तीव्रतेने ऐकत नाही. मंद आवाजात तर खर्ज फारच कमी ऐकू येतो. किती कमी, याच्या वक्ररेषा त्यांनी काढल्या. त्या वक्ररेषांवरून ध्वनिमापक यंत्रातले ‘ए’ नावाचे माप घडले. आज पोलिसांच्या हातातल्या यंत्रावर जो डेसिबलचा आकडा दिसतो, तो याच मापाने काढलेला असतो. कायद्यात त्याला डीबी(ए) म्हणतात.

म्हणजे आवाज वाटणारे यंत्र आणि आवाज मोजणारे माप एकाच प्रयोगशाळेतून, एकाच माणसाच्या देखरेखीखाली, एकाच वर्षी पुढे आले. नव्वद वर्षांनी ही दोन्ही गोंदियाच्या रस्त्यावर समोरासमोर उभी आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत. त्याकडे वळण्यापूर्वी मधली दोन वळणे पाहणे आवश्यक आहे.

पहिले वळण १९७६ चे. वाटणीतली सर्वांत अवघड जागा नेहमी सरहद्दीवर असते. (तीन राज्यांच्या सीमेवरच्या जिल्ह्याला हे सांगायला नको.) समजा खालचा स्पीकर १५०० हर्ट्झपर्यंत आणि वरचा त्यापुढे, अशी वाटणी आहे. पण कुंपण उभे करावे तसा आवाज तिथे तुटत नाही, तो उतरत जातो. म्हणून सरहद्दीलगतचा स्वर दोन्ही स्पीकर एकाच वेळी, दोन वेगळ्या जागांवरून वाजवतात. लाटेच्या शिखराशी शिखर जुळले तर बेरीज होते. शिखराशी दरी आली तर वजाबाकी, आणि तो स्वर हवेतच विरतो. सिगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघे ह्युलेट-पॅकार्ड या मापनयंत्रांच्या कंपनीतले अभियंते. स्पीकर बनवणे हे त्यांच्या कंपनीचे काम नव्हते. लिंकविट्झ यांनी १९७६ च्या निबंधात दाखवले, की दोन्ही बाजूंचा उतार विशिष्ट पद्धतीने आखला आणि सरहद्दीवर दोघांनाही बरोबर अर्ध्यावर आणून पावलात पाऊल ठेवायला लावले, तर बेरीज सपाट येते. आज जगातल्या बहुतेक ध्वनियंत्रणांत हीच ‘लिंकविट्झ-रायली’ आखणी असते. डीजेवाल्यांच्या तोंडी असलेल्या डीबीएक्स ‘२३४’ या पेटीतला उतारही तोच. मापनयंत्रांच्या जगातून आलेल्या माणसांनी हा प्रश्न सोडवला, याला योगायोग म्हणणे कठीण आहे. मोजता आल्याशिवाय वाटता येत नाही.

दुसरे वळण आकड्यांचे. १९८० च्या दशकात ध्वनीवर गणित करणाऱ्या चिप बाजारात आल्या आणि पुढच्या दशकात क्रॉसओव्हर डिजिटल झाला. आवाज दर सेकंदाला ४८,००० आकड्यांत मोडला, की वाटणी ही बेरीज-गुणाकाराची गोष्ट होते. सरहद्द कुठे, उतार किती, हे दोन बटणे दाबून बदलता येते. शिवाय तीन गोष्टी नव्याने मिळतात: एखाद्या स्पीकरला मुद्दाम उशीर लावता येतो, त्याचा स्वभाव सुधारता येतो आणि त्याच्यावर कमाल मर्यादा घालता येते. ४८,००० पैकी एका आकड्याचा अवधी म्हणजे हवेतले सुमारे ७ मिलिमीटर अंतर. इतक्या बारकाईने लाटा जुळवणे तारेच्या वेटोळ्यांच्या काळात कल्पनेतही शक्य नव्हते.

जुळवायचे म्हणजे आधी मोजायचे. रिचर्ड हेझर या अमेरिकन अभियंत्याने १९६७ मध्ये मांडलेली मापनपद्धती, मेयर साउंड कंपनीची १९८० च्या दशकातली ‘सिम’ यंत्रणा आणि १९९० च्या दशकात साध्या संगणकावर चालणारे ‘स्मार्ट’ हे सॉफ्टवेअर, या पायऱ्यांनी मोजमाप प्रयोगशाळेतून मैदानात उतरले. आज ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मापनाचे आणि ‘व्हिट्युइक्सकॅड’ हे क्रॉसओव्हर आखण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. एक लॅपटॉप, प्रमाणित केलेला एक मायक्रोफोन आणि थोडा धीर एवढी सामग्री पुरते. संगणक खर्जापासून तारेपर्यंत चढत जाणारा एक स्वर सोडतो, मायक्रोफोन तो ऐकतो, आणि पाठवले काय व पोचले काय यांतला फरक पडद्यावर उमटतो. कोणता स्वर दबला, कोणता फुगला, कोणता उशिरा आला, सगळे. जे ज्ञान चाळीस वर्षांपूर्वी मोजक्या कंपन्यांच्या तिजोरीत होते, ते आज अर्जुनी मोरगावच्या तरुणाच्या टेबलावर येऊ शकते.

आता गोंदिया.

झाडीपट्टी रंगभूमीचा विस्तार गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत आहे. नाटक कंपन्यांचे केंद्र देसाईगंज, म्हणजे वडसा; गोंदिया–चांदाफोर्ट रेल्वेमार्गावर अर्जुनीच्या पुढे. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने या रंगभूमीकडे थोडे वळून पाहिले. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. मंडप उघडा, प्रेक्षक शेकडो ते हजारो, संगीत रंगमंचालगत प्रत्यक्ष वाजणारे, आणि संवाद हा त्या रात्रीचा प्राण.

संवाद ऐकू येणे आणि संवाद कळणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर या पेटीत पडते. ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘कार’ आणि ‘खार’, ‘साल’ आणि ‘शाल’: मराठीतल्या या जोड्यांमधला फरक स्वरात नसून व्यंजनाच्या श्वासात असतो. स्वरांची ताकद खालच्या पट्ट्यात आणि भरपूर असते. व्यंजनांची ओळख वरच्या पट्ट्यात, साधारण १००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याही वर असते, आणि ती फार क्षीण असते. बाजारात सर्वत्र दिसणाऱ्या, बारा वा पंधरा इंची पडदा आणि वर भोंगा अशा ‘टॉप’ स्पीकरची सरहद्द नेमकी याच पट्ट्यात पडते. ती शिवण उसवली की व्यंजने गळतात. लिंकविट्झ-रायली आखणीत एका स्पीकरची तार उलटी जोडली गेली, तर सरहद्दीवर खोल खड्डा पडतो. आवाज तेवढाच मोठा राहतो, पण मागच्या रांगेतल्या म्हातारीला नायक काय म्हणाला ते कळत नाही. मग कोणीतरी आवाज वाढवायला सांगतो, आणि खड्डा तसाच राहून बाकीचे सगळे वाढते. गावोगावच्या कार्यक्रमांत आवाज वाढत जाण्यामागे हौस आणि ईर्ष्या असते हे खरे. पण त्यातला काही भाग उसवलेल्या शिवणीचा असतो.

हवामानाचाही वाटा आहे. हिवाळ्यात गोंदियाची दुपार ३० अंशांच्या घरात आणि रात्र १० अंशांच्या आसपास असू शकते. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो: ३० अंशांना सेकंदाला सुमारे ३४९ मीटर, १० अंशांना सुमारे ३३७. मागच्या प्रेक्षकांसाठी रंगमंचापासून ३० मीटरवर जादा स्पीकर लावले, तर पुढचा आवाज तिथे पोचेपर्यंत त्यांना मुद्दाम थांबवावे लागते. दुपारच्या उन्हात जुळवलेली ती वेळ मध्यरात्री सुमारे ३ मिलिसेकंदांनी चुकते. कानाला हा फरक सौम्य वाटेल, पण १५०० हर्ट्झच्या स्वराच्या त्यात चार लाटा मावतात. शिवाय थंड रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाऊ पाहणारा आवाज वाकून खाली येतो आणि बांध्यांवरून, तलावांवरून दूर जातो. ‘पाच कोसांवरचे नाटक इथे ऐकू येते’ यात अतिशयोक्ती आहे, पण निव्वळ कल्पना नाही.

डीजेच्या बाजूला हीच पेटी दुसरे काम करते. खर्जाचे खोके, धंद्याच्या भाषेत ‘बेस’, साधारण १०० हर्ट्झच्या खालचा भाग सांभाळतात. क्रॉसओव्हरमुळे बेसवर स्वतंत्र ताबा असतो, म्हणून गाणे तेच ठेवून छातीवर आदळणारा भाग हवा तितका वाढवता येतो. मर्यादा घालणारा भाग स्पीकर जळू देत नाही. परिणामी तो अधिक वेळ, अधिक जोराने चालवता येतो. नीट जुळवणी म्हणजे कमी आवाज, असा भाबडा समज करून घेण्यात अर्थ नाही. तज्ज्ञाच्या हातची यंत्रणा अनाड्याच्या हातच्या यंत्रणेपेक्षा कितीतरी मोठी वाजू शकते.

आणि इथे फ्लेचरचे माप पुन्हा भेटते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी(ए), व्यापारी भागात ६५ आणि ५५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० ने अधिक किंवा ७५ डीबी(ए), यांतले जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ बंद सभागृहाबाहेर ध्वनिवर्धक नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात रात्रीची बंदी उचलून धरली. डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या नियमांच्या कठोर अंमलबजावणीचे आदेश दिले. हे सगळे आवश्यक होते. ज्यांच्या भिंतीपलीकडे आजारी माणूस वा परीक्षेचा विद्यार्थी आहे, त्यांच्या बाजूने उभे राहणारा दुसरा कोणी नव्हता.

अडचण (ए) या कंसातल्या अक्षराची आहे. ए माप ५० हर्ट्झच्या स्वरातून ३० डेसिबल वजा करते. म्हणजे त्या स्वराची तीव्रता १०० डेसिबल असेल, तर यंत्रावर ७० दिसतात. १०० हर्ट्झवर वजावट १९ ची. १००० हर्ट्झवर शून्य. बेसचा खोका आणि नायिकेचा संवाद यांना हे माप एकाच तराजूत घालते आणि खोक्याच्या बाजूला भरघोस सूट देते. आरंभी ए हे माप मंद आवाजांसाठीच योजलेले होते. मोठ्या आवाजांसाठी सी नावाचे वेगळे माप होते, कारण आवाज वाढतो तसा कान खर्जही जवळजवळ बरोबरीने ऐकू लागतो. पुढे सोयीखातर ए सगळीकडे रूढ झाले. कानाच्या कायमच्या इजेचा अंदाज घेण्यासाठी ते फार वाईट नाही, हे मान्य केले पाहिजे. पण गोंदियातल्या घरांची तक्रार सहसा तावदाने थरथरतात, छातीत धडधडते, अशी असते. ती तक्रार खर्जाची आहे. खर्ज भिंतीला फारसा जुमानत नाही, आणि यंत्रावर सर्वांत कमी तोच उमटतो.

‘डीजे बंद करा’ ही मागणी म्हणूनच अर्धवट आहे. बंदी नावावर घातली की नाव बदलते, खोके तेच राहतात. मागणी पट्ट्याची हवी: अमुक हर्ट्झच्या खाली, सी मापाने, हद्दीवर अमुक डेसिबल. पेटीतली मर्यादा क्षणात बदलता येते, त्यामुळे परवानगीच्या अर्जावर आकडे लिहून घेतल्याने काय साधणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तपासणी पेटीत न करता हद्दीवरच व्हावी लागेल, फक्त योग्य मापाने. या धंद्यातली पोरे खलनायक नाहीत. कर्ज काढून खोके घेतलेले असतात आणि गिऱ्हाईक पैसे बेसचे मोजते.

याचीच दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे, आणि तिथे या धाग्याचा रोख रंगभूमीच्या अभ्यासकांकडे आहे. रात्री १० चा नियम घड्याळ पाहतो, पट्टा पाहत नाही. पहाटेपर्यंत चालणारे नाटक त्याच्या कचाट्यात अक्षरशः सापडते. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा शंकरपटाच्या दिवसाचे काय होते हे झाडीपट्टीने पाहिले. ती उठायला डिसेंबर २०२१ उजाडले. नाटकाच्या रात्रीवर तशी वेळ आली तर ‘वारसा आहे, सवलत द्या’ एवढाच युक्तिवाद हाती असणे दुबळेपणाचे ठरेल. शेजाऱ्याच्या झोपेपुढे वारशाचे वजन का मानावे, याला त्यात उत्तर नाही.

भक्कम युक्तिवाद भौतिकशास्त्रात आहे. १०० हर्ट्झची लाट ३.४ मीटर लांब असते. अर्ध्या मीटरच्या खोक्याला तिला दिशा देता येत नाही, ती मंडपामागच्या गावातही तितकीच पसरते. संवादाचा पट्टा मात्र भोंग्याने प्रेक्षकांवर रोखता येतो. नाटकाला रात्री १० नंतर बेसची गरज नाही. डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये खालचा पट्टा कापावा, संवादाची शिवण मोजून घट्ट करावी, रंगमंचावरच्या एकाच मोठ्या थप्पीऐवजी प्रेक्षकांत लहान स्पीकर उशीर लावून पेरावेत. मागच्या रांगेला शब्द कळतील आणि गावात आज पोचतो त्याहून पुष्कळ कमी आवाज पोचेल. ४५ डेसिबलचा आकडा तरीही गाठला जाईल असे नाही. खेड्यातल्या निःशब्द रात्री तो फार कडक आहे. पण असे मोजून, आलेख हातात घेऊन नियमात बदल मागणारी रंगभूमी आणि नुसती परंपरेची दुहाई देणारी रंगभूमी यांच्याकडे न्यायालय एकाच नजरेने पाहणार नाही. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरुणांना मोजायला शिकवावे लागेल. सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकवणारे नाहीत. आयटीआयमध्ये मोटार गुंडाळायला शिकवतात, तिथे एक मापन-मायक्रोफोन ठेवायला फार खर्च येणार नाही.

राहता राहिला दस्तऐवजांचा प्रश्न. झाडीपट्टीची पत्रके, संहिता, कलावंतांच्या मुलाखती गोळा होऊ लागल्या आहेत. ध्वनिव्यवस्थेची नोंद मात्र ‘लाउडस्पीकर होता’ याच्या पुढे जात नाही. जुन्या स्पीकरच्या खोक्यातली वेटोळी आजही उघडून पाहता येतात; त्यांवरून सरहद्द कुठे होती हे गणिताने काढता येते. डिजिटल पेटीतली जुळवणी एका फाइलमध्ये असते, पुष्कळदा तिला परवलीचा शब्द लावलेला असतो, आणि पेटी विकली वा बिघडली की ती पुसली जाते. वडसा, अर्जुनी, आमगाव, देवरीकडच्या ध्वनिव्यवस्थापकांना आज भेटले, तर किमान एवढे लिहून घेता येईल: भोंगे कधी गेले, पहिला क्रॉसओव्हर कोणाकडून आणि कोणत्या साली घेतला, नाटकासाठी आणि वरातीसाठी जुळवणी वेगळी ठेवतात का, सरहद्द किती हर्ट्झवर, बेस कितीने वर, आणि हे कानाने ठरवतात की मोजून. त्या फाइलची एक प्रत मिळाली तर ती पत्रकांच्या शेजारीच ठेवावी.